भाडेकरूला नोटीस द्यायची आहे? आधी माझी चुकलेली नोटीस वाचा

"पंधरा दिवसांत गाळा खाली करा, नाहीतर कुलूप घालू आणि लाईट तोडू."

हे मी माझ्या हातानं लिहिलं, खाली सही ठोकली आणि कागदाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर भाडेकरूला पाठवून दिला. जून २०२३ ची गोष्ट. महिन्याभरानं वकीलसाहेबांनी तो फोटो बघितला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "वहिनी, हा त्यांच्या बाजूचा पुरावा झाला की."

त्यानंतर जे शिकले ते लिहिते. मी वकील नाही. शाळेत कारकून म्हणून नोकरी केली, त्यामुळं कागद जपायची सवय आहे, एवढंच. पण आमच्या गल्लीत आता कुणाचं भाडेकरूशी वाजलं की मला बोलावणं येतं.

आमचं घर कोल्हापुरात मंगळवार पेठेत, मिरजकर तिकटीपासून चालत पाच मिनिटांवर. खाली दोन गाळे, वर माडी, माडीला लाकडी जिना. १९९१ साली मामंजींनी कडेचा गाळा एका टेलरना दिला. माणूस भला, माझ्या लग्नातल्या ब्लाऊजपासून पोरांच्या गणवेशापर्यंत सगळं त्यांनीच शिवलं. पण २०२२ च्या जूनमध्ये त्यांनी मशीन घरी नेली आणि गाळ्यात पुतण्याचा एक दोस्त येऊन बसला. वडे, भजी, सकाळी मिसळ. घरगुती गॅसची लाल टाकी नेमकी आमच्या लाकडी जिन्याखाली. धूर बाहेर जावा म्हणून भिंतीला वीतभर भोक पाडून पंखा बसवलेला. मी वर्षभर तोंडानं सांगत राहिले. उत्तर ठरलेलं: "वहिनी, मी काय परका हाय व्हय? बघतो की."

तोंडी सांगितलेलं कोर्टाला ऐकू येत नाही. म्हणून पहिलं काम म्हणजे करार शोधा. आमची भाडेचिठ्ठी मामंजींच्या ट्रंकेत, घरफाळ्याच्या जुन्या पावत्यांत सापडली. पाच कलमं, हातानं लिहिलेली. तिसरं: गाळा फक्त शिवणकामासाठी वापरायचा. चौथं: दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. ही दोन वाक्यं सापडली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. चिठ्ठी सापडली नाही तरी घाबरू नका. भाड्याच्या पावत्या, जुनं लाईट बिल, शेजाऱ्यांची साक्ष यावरूनही गाळा कशासाठी दिला होता हे दाखवता येतं, फक्त वेळ जास्त जातो.

चिठ्ठी हातात आल्यावर एक गोष्ट ठरवा: समोरचा भाडेकरू आहे की लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठराविक मुदतीच्या परवान्यावर, राहिलेला? आपण दोघांनाही भाडेकरूच म्हणतो, पण कायद्याच्या दोन वेगळ्या वाटा आहेत. टेलर जुने भाडेकरू, त्यांना महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ लागू. हा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. माडीवरच्या खोल्या मी अकरा महिन्यांच्या करारानं देते, त्याचं पुढं सांगते. आणि गाळा जर बँकेला किंवा एक कोटी आणि त्यावर भरणा भांडवल असलेल्या कंपनीला दिला असेल, तर हा कायदा लागूच होत नाही. तिथं मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चं कलम १०६ बघायचं. महिन्याच्या भाडेपट्ट्याला पंधरा दिवसांची लेखी नोटीस. आपल्या पेठेत एटीएमला गाळे दिलेले बरेच आहेत, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता रागाचं. मला सगळ्यात जास्त झोंबलं होतं ते भिंतीतलं भोक. मामंजींच्या हातची भिंत! मी वकीलसाहेबांना म्हटलं, नोटिशीत पहिलं तेच घाला, परवानगीशिवाय कायमचं बांधकाम केलं म्हणून. त्यांनी पुस्तक उघडून भाडे कायद्याचं कलम १६ समोर धरलं. मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम केलं तर ताबा मागता येतो, बरोबर. पण खालीच स्पष्टीकरण आहे: लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा, हवेसाठी खिडकी, एसी, धूर जायची वाट, असलं काम कायमस्वरूपी बांधकामात धरायचं नाही, लागेल तिथं महापालिकेची परवानगी घेतलेली असली म्हणजे झालं. म्हणजे माझा सगळ्यात मोठा राग कायद्याच्या तागडीत सगळ्यात हलका.

जड काय भरलं? दोन गोष्टी. एक, ज्या कामासाठी गाळा दिला ते सोडून दुसऱ्याच कामाला वापरला. दोन, आमच्या संमतीशिवाय गाळा तिसऱ्याच माणसाच्या ताब्यात दिला, म्हणजे पोटभाडेकरू घातला. शेजाऱ्यांना उपद्रव हेही कलम १६ मधलं कारण आहे, पण त्याला शेजाऱ्यांचं लेखी पाहिजे. आमच्या शेजारच्या काकू तोंडानं दिवसभर तक्रार करायच्या, सहीचा कागद पुढं केला की म्हणायच्या, "राहू दे गं, रोज तोंडं बघायची हायत." म्हणून ते कारण आम्ही सोडलंच.

माझ्या पहिल्या नोटिशीत काय काय होतं सांगू? थकलेलं भाडं, भोक, तेलाचे डाग, पुतण्याची आडवी लावलेली मोटारसायकल, पायरीवर टाकलेली चहाची पानं आणि २०१९ च्या पुरात मदतीला आला नाही हेसुद्धा. वकीलसाहेबांनी लाल पेननं एकेक ओळ खोडली. शेवटी तीन ओळी उरल्या. तुम्हीही असंच करा. आधी सगळा संताप एका कागदावर उतरवा, मग चिठ्ठीतलं कुठलं कलम मोडलं हे ज्या ओळीपुढं लिहिता येत नाही ती खोडून टाका.

नोटिशीच्या आधी पुरावा गोळा करायचा, नंतर नाही. नोटीस पोहोचली की कढई दोन दिवस गायब होते. मी आठ दिवस रोज सकाळी साडेआठला रस्त्यावर उभी राहून फोटो काढले, गाळ्यात न शिरता. पाटी, कढई, टाकी, गल्ल्यावर बसलेला माणूस. फोनमध्ये तारीख येते, तरी त्या दिवशीचं वर्तमानपत्र हातात धरून एक फोटो काढला, जुनी सवय. ऑनलाइन पैसे भरायच्या चौकोनी कोडच्या पाटीवर त्या पोराचं नाव स्वच्छ छापलेलं होतं. गाळा टेलरच्या नावावर आणि पैसे दुसऱ्याच्या खात्यात! वकीलसाहेब म्हणाले, सगळ्या फोटोंत हा एक सोन्याचा.

आता दिवसांचा हिशेब. इथं बहुतेकांची चूक होते. मामंजींनी नव्वदच्या दशकात दुसऱ्या भाडेकरूला भाडं थकलं म्हणून दिलेल्या नोटिशीची कार्बन कॉपी ट्रंकेत होती. त्यात एक महिन्याची मुदत. जुन्या मुंबई भाडे कायद्यात थकबाकीच्या नोटिशीनंतर महिनाभर थांबायचं होतं. आताच्या कायद्यात ते नव्वद दिवस झालं आहे, कलम १५. भाडं थकलं म्हणून ताबा मागायचा असेल तर थकबाकीची लेखी मागणी भाडेकरूला मिळाल्यापासून नव्वद दिवस जाऊ द्यायचे, त्याच्या आत दावा घालायचाच नाही. दावा घातल्यावरही, समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत भाडेकरूनं सगळी थकबाकी साल दर साल पंधरा टक्के सरळ व्याजानं कोर्टात भरली, पुढचं भाडं भरत राहिला आणि दाव्याचा खर्च दिला, तर त्या कारणावरून ताबा मिळत नाही. म्हणून नुसत्या थकबाकीच्या भरवशावर राहू नये, असं मला वाटतं.

वापर बदलणं, पोटभाडेकरू घालणं या कारणांना कायद्यानं नोटिशीचे दिवस बांधून दिलेले नाहीत. भाडे कायद्याखाली ताबा मागताना कलम १०६ ची वेगळी नोटीस द्यायची गरज नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायमूर्तींनी १९७९ सालीच सांगितलं. मग नोटीस द्यायची कशाला? कारण न्यायाधीश विचारणार, तुम्ही त्यांना सुधारायची संधी दिली का? आणि खरं सांगायचं तर निम्मी भांडणं तिथंच मिटतात. आम्ही तीस दिवस दिले.

नोटीस अशी होती. नावं आणि नंबर काढून देते, साचा घ्या:

दिनांक ७ ऑगस्ट २०२३. प्रति, (पूर्ण नाव), गाळ्याचा पत्ता आणि राहत्या घराचा पत्ता.

१. मंगळवार पेठ, सिटी सर्व्हे नं. (…) येथील तळमजल्यावरील पूर्वेकडचा गाळा १९९१ च्या भाडेचिठ्ठीने तुम्हास फक्त शिवणकामासाठी दरमहा भाड्याने दिलेला आहे.

२. भाडेचिठ्ठीच्या कलम ३ प्रमाणे गाळ्याचा अन्य वापर करण्यास व कलम ४ प्रमाणे तो दुसऱ्यास देण्यास मनाई आहे.

३. जून २०२२ पासून तुम्ही शिवणकाम बंद करून गाळा (…) यांच्या ताब्यात दिला आहे व ते तेथे खाद्यपदार्थ तळून विकत आहेत. त्यास आमची लेखी संमती नाही.

४. ही नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत सदर धंदा बंद करून, त्रयस्थ इसमाचा ताबा काढून, गाळा चिठ्ठीप्रमाणे वापरात आणावा. तसे न केल्यास ताब्यासाठी न्यायालयात दावा दाखल करू.

५. मार्च ते जुलै २०२३ अशा पाच महिन्यांचे, दरमहा ६०० रुपयेप्रमाणे ३,००० रुपये भाडे थकीत आहे. ते ही नोटीस मिळाल्यापासून ९० दिवसांत द्यावे.

६. आमचे कायदेशीर हक्क राखून ही नोटीस दिली आहे. स्थळप्रत आमच्याकडे ठेवली आहे.

बस, एक पान. "माणुसकी", "विश्वासघात" असले शब्द नाहीत, कुलूप नाही, लाईट नाही. थकबाकीचे महिने आणि दर दोन्ही लिहायचे, नुसतं "बरंच भाडं थकलं आहे" चालत नाही. आमच्या प्रॉपर्टी कार्डावर चार नावं आहेत: मी, दीर, जाऊबाई आणि नणंद. चौघांच्या सह्या घेतल्या. एक सहमालकही नोटीस देऊ शकतो, पण नंतर "मला कुठं माहीत होतं" म्हणायला घरातलंच कुणी उठायला नको. जाऊबाई म्हणाल्या, अधिक महिना चालू आहे, आता नको. त्यांना सांगितलं, अधिकात दान करतात तशी सही दान करा.

नोटीस वकिलाच्या लेटरहेडवरच पाहिजे असं नाही. मालकाची सही पुरते. तरी पोस्टात टाकण्यापूर्वी एकदा वकिलाच्या नजरेखालून घाला. माझं कुलूप आणि लाईट आठवा.

पाठवताना कंजूषपणा करू नका. मी रमणमळ्याच्या हेड पोस्टातून दोन पाकिटं रजिस्टर एडीनं पाठवली, एक गाळ्यावर, एक त्यांच्या फुलेवाडीच्या घरी. आता १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, त्यामुळं खिडकीवर स्पष्ट सांगा: स्पीड पोस्ट, रजिस्ट्रेशनसह, आणि पोच पाहिजे. पावतीवरचा नंबर टाकून पोस्टाच्या वेबसाइटवर पाकीट कुठवर गेलं ते दिसतं, तेही छापून ठेवा.

गाळ्यावरचं पाकीट आठव्या दिवशी परत आलं. वर निळ्या पेननं पोस्टमननं लिहिलेलं: "घेण्यास नकार", खाली तारीख आणि सही. मी फोडायला निघाले होते. वकीलसाहेबांचा नेमका त्याच वेळी फोन, "हात लावू नका, तसंच ठेवा." परत आलेलं पाकीट बंदच ठेवायचं, ते कोर्टात फोडतात. योग्य पत्त्यावर रीतसर पाठवलेलं पाकीट नाकारलं तर नोटीस पोहोचली असंच धरतात. फुलेवाडीचं पाकीट त्यांच्या मिसेसनी सही करून घेतलं होतं. राहत्या घरी कुटुंबातल्या माणसाला दिलेली नोटीसही चालते. ती पिवळी पोचपावती मी देवघरातल्या डबीत ठेवली, हसू नका.

कुणीच घेत नसेल तर कलम १०६ प्रमाणे नोटीस जागेच्या दर्शनी भागावर चिकटवताही येते. दोन शेजारी उभे करून फोटो काढा.

नोटीस गेल्यावर मालकाची परीक्षा सुरू होते. मला सगळ्यात अवघड गेलं ते गप्प बसणं. त्या महिन्यात नळाला पाणी कमी यायचं, तर टेलरचा पुतण्या वाड्यात येऊन म्हणाला, "काकू, आमचं पाणी तुमीच बंद केलंय." खोटं होतं, पण माझा जूनमधला तो फोटो त्याच्या फोनमध्ये होता! भाडे कायद्याच्या कलम २९ प्रमाणे भाडेकरूचं पाणी, वीज असल्या गरजेच्या सोयी मालकानं तोडणं हा गुन्हा आहे. कुलूप घालून बाहेर काढलं तर तो विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा घालून ताबा परत मिळवू शकतो, आणि त्या दाव्यात जागा कुणाच्या मालकीची हा प्रश्नच विचारत नाहीत. मी त्याच दिवशी "पाणीपुरवठा पूर्ववत आहे, कमी दाब महापालिकेच्या लाईनचा आहे" असं चिठ्ठीवर लिहून, त्याच्या सहीनं एक प्रत घेतली.

भाडं आलं तर? घ्या, पावती द्या. पावती देणं सक्तीचं आहे. पण पावतीवर लिहा: "दि. ७ ऑगस्ट २०२३ च्या नोटिशीतील हक्क अबाधित ठेवून स्वीकारले." नाहीतर उद्या समोरचा वकील उभा राहून म्हणणार, नोटीस दिल्यावर भाडं घेतलं म्हणजे नोटीस सोडून दिली. फोनवर पैसे आले तरी लगेच हेच वाक्य मेसेजनं पाठवा. त्यांनी थकबाकीचे तीन हजार सप्टेंबरमध्ये दिले. थकबाकीचं कारण तिथंच संपलं, दोन मोठी कारणं उभी राहिली.

मुदत संपूनही काही हललं नाही तर दावा. कोल्हापुरात तो कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात, दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर यांच्याकडे जातो. १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झाल्यावर मला तिघांनी विचारलं, आता दावा तिकडंच घालायचा का? नाही हो. सुरुवात बावड्यातूनच.

माडीवरच्या खोल्यांची गोष्ट सोपी. तिथं नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्स करार असतो आणि करारातच लिहिलेलं असतं: अट मोडली तर एक महिन्याची लेखी सूचना देऊन परवाना रद्द. तीन मुलांना खोली दिली होती, परीक्षेच्या हंगामात चपला मोजल्या तर सात जोड. करारातलं कलम, तारीख, किती जण राहतात हे लिहून सूचना दिली, चार जण आठवड्यात गेले. करार संपूनही न हलणाऱ्यासाठी भाडे कायद्याचं कलम २४ आहे: घरासाठी दिलेल्या जागेचा ताबा सक्षम प्राधिकाऱ्याकडं, म्हणजे त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडं, अर्ज करून मागता येतो आणि मुदतीनंतर राहिल्याबद्दल दुप्पट दरानं भरपाई. लेखी करारात जे लिहिलं तेच तिथं अंतिम पुरावा धरतात. करार नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे, बरं का. नोंदवला नसेल तर अटी काय होत्या याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं आधी खरं धरतात, आणि मालकाला दंड किंवा कैद होऊ शकते ते वेगळं. हजार-दोन हजार वाचवायला नोटरीवर भागवू नका.

आमचं प्रकरण बावड्यापर्यंत गेलं नाही. गणपतीत, गौरी जेवायच्या दिवशी, टेलर मिसेसना घेऊन आले आणि जोत्यावर बसले. म्हणाले, "वहिनी, डोळ्याला दिसत न्हाई आता, सुई ओवता येईना. पोराला गाळा दिला ते पोटासाठीच. दसऱ्यापर्यंत थांबा, चावी देतो." मला वाईट वाटलं. हे त्यांनी वर्षापूर्वी सांगितलं असतं तर नोटीस लिहावीच लागली नसती. पण हे तोंडी ठेवलं नाही. तिथंच एका कागदावर लिहिलं: ३१ ऑक्टोबर २०२३ पर्यंत गाळा स्वखुशीने रिकामा करून ताबा देतो, तोवर गॅस लावणार नाही. त्यांची सही, पुतण्याच्या दोस्ताची सही, दोन साक्षीदार. पोटभाडेकरूची सही विसरू नका, तो नंतर "मला काय माहीत" म्हणून बसतो.

३० तारखेला ताबा पावती केली. लाईट मीटरचं रीडिंग, भिंतीतलं भोक "आहे त्या स्थितीत", अनामत रक्कम परत, चाव्या तीन. दोन दिवसांनी तो वडेवाला पोरगा सायकलवरून आला आणि खिशातून चौथी चावी काढून माझ्या हातात ठेवली. मी ताबा पावती काढली, खाली "आणखी एक चावी मिळाली, एकूण चार" लिहिलं, तारीख घातली आणि त्याला म्हटलं, इथं सही कर.